भंगारातली सायकल आणि चिमट्याचा बाक

आमच्या सोसायटीच्या वाहनतळाच्या एका कोपऱ्यात दहा-बारा सायकली गंजत पडल्या होत्या. मुले मोठी झाली, स्कूटरवर बसू लागली आणि सायकली तशाच राहिल्या. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या भंगारवाल्याला देऊन टाकायचे ठरले. त्याच सुमारास आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी आठवीत गेली आणि तिची शाळा बदलली. नवी शाळा घरापासून साडेतीन किलोमीटर दूर, आणि तिथे जायला सरळ बस नाही. मावशी म्हणाल्या, "चालत जाईल की, त्यात काय." पण जूनच्या पावसात दप्तर घेऊन रोज सात किलोमीटर चालायचे म्हणजे दोन-तीन महिन्यांत शाळेला दांड्या सुरू होणार, हे त्यांनाही दिसत होते आणि मलाही.

माझा व्यवसाय प्रयोगशाळेत धातूंचे नमुने ताणून आणि वाकवून ते कधी तुटतात हे पाहण्याचा. तेव्हा भंगारातून एक सायकल जुळवणे हे काही फार अवघड नसावे, असे वाटून मी कामाला लागलो. सायकल झाली. पण पहिल्यांदा जी झाली ती चुकीची झाली. तिच्यातला प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी नीट जुळत होता आणि तरीही सायकल चुकीची होती. असे का झाले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

सोसायटीतून मी तीन सायकली उचलल्या. एक होती मुलांची जाड टायरांची, पुढे स्प्रिंगचा चिमटा असलेली. (हँडलच्या दांड्याखाली जे दोन पाय पुढच्या चाकाला धरून असतात त्याला दुकानात चिमटा म्हणतात, इंग्रजीत फोर्क.) तिची फ्रेम उत्तम होती, स्प्रिंगचा चिमटा मात्र गंजून जाम झाला होता. दुसरी होती काळी, जुन्या घाटाची, २६ इंची, दांडीच्या ब्रेकची. तिचा चिमटा आणि पुढचे चाक शाबूत होते. तिसरीचे फक्त पेडल आणि सीट कामाचे निघाले. उरलेल्या वस्तूंसाठी एका रविवारी जुन्या बाजारात गेलो आणि जोडणीसाठी कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रींच्या दुकानात ठाण मांडले.

जुने भाग घेताना काय पाहायचे, ते थोडक्यात सांगतो. फ्रेम घेताना पुढच्या आखूड नळीच्या जरा मागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटावरून अंगठा फिरवावा. तिथे रंगाला आडवी भेग किंवा धातूला फुगवटा लागला, तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात धडकलेली आहे. अशी फ्रेम सोडून द्यावी. ब्रेकच्या तारा आणि रबरे जुनी कधीच घेऊ नयेत, त्यात वाचणारे पैसे नगण्य असतात. चेन मोजून घ्यावी. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून शेजारच्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. असते. चोवीस अंतरे मोजली तर नव्या चेनमध्ये ३०४.८ मि.मी. भरतात. ही लांबी ३०६ च्या पुढे गेली असेल तर चेन संपली. लोक म्हणतात चेन "ताणली" गेली. प्रत्यक्षात पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पिना आणि त्यांची भोके झिजतात. तुमच्या शाळेत साधी पोलादी पट्टी असेल तर मुलांना स्वतःच्या सायकलींच्या चेन मोजायला लावा. वर्गात निम्म्या तरी झिजलेल्या निघतील, असा माझा अंदाज आहे.

जुळणी करताना बहुतेक भाग आपली चूक आपणच सांगतात. चाकांचेच पाहा. "२६ इंची चाक" असे आपण म्हणतो, पण २६ इंची चाके एकाच मापाची नसतात. काळ्या सायकलीच्या २६ × १ ३/८ चाकावर टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास ५९० मि.मी. असतो, तर जाड टायरवाल्या मुलांच्या सायकलीत तो ५५९ मि.मी. असतो. एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ३७-५९० असे काहीतरी छापलेले असते, तेच खरे माप. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा हा व्यास. मी पुढे ५९० चे आणि मागे ५५९ चे चाक लावले. बारीक टायर मोठ्या रिमवर, जाड टायर लहान रिमवर, त्यामुळे बाहेरून मोजली तर दोन्ही चाकांची त्रिज्या जवळजवळ सारखी, ३३ सें.मी. भरली. याचा मला फार आनंद झाला होता.

आट्यांचेही तसेच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे एकदा हात दुखवून घेतल्यावर कोणीही विसरत नाही. ते उलटे का, याचे उत्तर मात्र बहुतेकजण चुकीचे देतात. पेडल फिरताना छर्ऱ्यांच्या घर्षणाने त्याचा दांडा ज्या दिशेला ओढला जातो, त्या दिशेने हे आटे घट्ट होत नाहीत, उलट सैल व्हायला हवेत! खरे कारण निराळे आहे. पायाचा दाब दांड्याभोवती फिरत राहतो आणि दांडा आपल्या भोकात किंचित लोळत जातो. हे पाहायचे तर अंगठा आणि तर्जनीचे सैल कडे करून त्यात पेन्सिल धरा आणि पेन्सिलीचे दुसरे टोक हवेत गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरते त्याच्या उलट दिशेने पेन्सिल स्वतःभोवती फिरते. पेडलचे आटे या लोळण्याच्या हिशेबाने पाडलेले असतात.

चाकाचा आऊट काढायला, म्हणजे रिम डावी-उजवीकडे डुलत असेल ती सरळ करायला, मला दोन संध्याकाळी लागल्या. मिस्त्री हेच काम वीस मिनिटांत करतात. तारा छेडून, आवाज ऐकून. प्रत्येक तार आधीच ताणलेली असते आणि तो ताण तिच्या आवाजात ऐकू येतो. एक छोटा प्रयोग सांगतो. सायकल उभी धरून चाकाची सर्वांत खालची तार छेडा, मग कोणाला तरी सीटवर बसवून पुन्हा छेडा. आवाज खाली येतो. वरची तार छेडली तर फारसा फरक कळत नाही. म्हणजे माणूस बसतो तेव्हा वरच्या तारा जास्त ताणल्या जातात असे नसून खालच्या दोन-तीन तारांचा ताण कमी होतो. बारीक तार दाबून धरली तर वाकेल, पण आधी ताणून ठेवली असेल तर ताण थोडा सोडून तीही वजन पेलते.

असो. चाके झाली, चेन बसली, पुढे ४४ दात्यांचे चेनव्हील आणि मागे १८ ऐवजी २० दात्यांचे फ्रीव्हील घातले, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेचार मीटर जाईल आणि वाटेतला चढ मुलीला झेपेल. शेवटी काळ्या सायकलीचा चिमटा मुलांच्या फ्रेममध्ये घातला. वाट्या जुळल्या, छर्रे बसले, हँडल मऊ फिरू लागले. मिस्त्री दोन पावले मागे सरकून बघत होते.

"साहेब, हा चिमटा ह्या फ्रेमचा नाही."

"बसला की पण!"

"बसला. पण नजरेला बरोबर दिसत नाही."

का, ते त्यांना सांगता येईना आणि मी नजरेवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. सायकलला निळा रंग दिला आणि मावशींकडे पोचवली.

चौथ्या दिवशी मुलगी सायकल हातात धरून चालत आली. कोपराला खरचटले होते. उतारावर एका हाताने ओढणी सावरायला गेली आणि सायकल रिक्षाच्या अंगावर गेली. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावले. मी म्हणालो, "हँडल ढिलं झालं असेल." ती म्हणाली, "नाही काका, ढिलं नाही. ती माझं ऐकत नाही असंही नाही. जास्तच ऐकते." वळणावर पेडलही जमिनीला घासते, ही तिची दुसरी तक्रार.

मी स्वतः ती सायकल चालवून पाहिली. जास्तच ऐकते, यापेक्षा नेमके वर्णन मला करता आले नसते. हँडल लोण्यातून फिरावे तसे फिरत होते, त्याला स्वतःचे काही मत नव्हते. साध्या सायकलीचे हँडल जरा हलवले की परत सरळ यायला बघते, तसे इथे होत नव्हते. वाट्या पाहिल्या, छर्रे पाहिले, चाक पाहिले. सगळे ठीक होते.

मग जे काम आधी करायला हवे होते ते केले. ओळंबा आणि एक सरळ काठी घेतली. पुढच्या चाकाच्या आसापासून ओळंबा सोडला की तो जिथे जमिनीला लागतो तिथेच चाक जमिनीला टेकलेले असते. त्यावर खडूची एक खूण. मग काठी पुढच्या आखूड नळीला समांतर, बरोबर तिच्या मध्यरेषेत येईल अशी बाजूने धरली. ही नळी मागे कललेली असल्याने काठीचे खालचे टोक पुढे जाऊन जमिनीला टेकते. तिथे दुसरी खूण. हँडल फिरवतो तेव्हा चाक या काठीच्या रेषेभोवती फिरते. म्हणजे दुसऱ्या खुणेशी जणू खुंटी आहे आणि चाकाचा टेकण्याचा बिंदू तिच्या मागून ओढला जातो आहे. दोन खुणांमधल्या अंतराला इंग्रजीत ट्रेल म्हणतात, आपण पिछाडी म्हणू.

रुग्णालयातल्या ढकलगाडीची किंवा कार्यालयातल्या फिरत्या खुर्चीची चाके आठवा. गाडी ढकलली की चाक आपोआप वळून खुंटीच्या मागे जाते आणि तिथेच राहते. पिछाडी असलेले चाक असेच सरळ राहू पाहते. शिवाय सायकल डावीकडे कलली तर पुढचे चाकही डावीकडे वळते, आणि वळल्यामुळे टेकू पुन्हा तोलाखाली येतो. हे हवे तर आत्ता करून पाहा. सायकल फक्त सीटला धरून चालवत न्या आणि हळूच एका बाजूला कलती करा. हँडलला हात न लावता पुढचे चाक त्या बाजूला वळेल.

काळ्या सायकलींच्या बाबतीत ही पिछाडी ५-६ सें.मी. च्या आसपास मिळते. माझ्या निळ्या सायकलीत ती पावणेदोन सेंटिमीटर भरली.

आता चिमट्याकडे नीट पाहा. त्याचे पाय सरळ खाली न जाता टोकाशी पुढे वाकलेले असतात. हा बाक धक्के झेलण्यासाठी असतो, असे आपण सगळेच समजतो, आणि थोडे धक्के तो झेलतही असेल. पण त्याचे मुख्य काम पिछाडी ठरवण्याचे आहे. बाक जितका जास्त तितके चाक पुढे सरकते, टेकण्याचा बिंदू काठीच्या खुणेजवळ येतो आणि पिछाडी कमी होते. नळी जितकी जास्त कललेली तितकी काठीची खूण पुढे जाते आणि पिछाडी वाढते. नववी-दहावीच्या भूमितीतून सूत्र निघते: चाकाच्या त्रिज्येला नळीच्या जमिनीशी असलेल्या कोनाच्या कोसाइनने गुणा, त्यातून बाक वजा करा, आणि उत्तराला त्याच कोनाच्या साइनने भागा. वर्गात आकृती काढून हे सिद्ध करून घ्यायला एक तास पुरेल.

काळ्या चिमट्याचा बाक ८ सें.मी. होता. त्याची मूळ फ्रेम मिस्त्रींच्या दुकानात टांगलेली होती, तिच्यात पुढची नळी चांगली कललेली, जमिनीशी ६७ अंशांचा कोन करणारी. त्रिज्या ३३ सें.मी. घेऊन गणित केले तर पिछाडी ५.३ सें.मी. येते. म्हणजे तो चिमटा आपल्या घरी अगदी योग्य होता. मुलांच्या फ्रेमची नळी मुळात जास्त उभी, साडेसत्तर अंशांची. तिचा स्प्रिंगचा चिमटा ४ सें.मी. बाकाचा, त्यामुळे तिथली मूळ पिछाडी सुमारे ७ सें.मी. त्या फ्रेममध्ये मी दुप्पट बाकाचा चिमटा घातला. एवढेच असते तरी काम बिघडलेच असते. पण स्प्रिंगचा चिमटा लांब असतो आणि काळा चिमटा त्याच्यापेक्षा ५ सें.मी. आखूड होता. सायकलचे तोंड पाच सेंटिमीटर खाली आले. दोन चाकांच्या आसांमध्ये १०५ सें.मी. अंतर, म्हणजे सगळी फ्रेम ५ भागिले १०५ रेडियन, सुमारे पावणेतीन अंश, पुढे झुकली आणि नळी ७३ अंशांवर उभी राहिली. आता सूत्रात घाला: ३३ गुणिले ०.२९२ म्हणजे ९.६, वजा ८, उरले १.६, भागिले ०.९५६. उत्तर १.७ सें.मी. काठीने मोजलेलेही तेवढेच होते. आणि फ्रेम झुकल्यावर पेडलचा आसही सुमारे दोन सेंटिमीटर खाली आला, म्हणून वळणावर पेडल घासत होते. मिस्त्रींच्या नजरेला जे खटकत होते ते बहुधा हेच उभे राहिलेले तोंड.

चेन जुळली नाही तर ती चढत नाही. आटे जुळले नाहीत तर नट फिरत नाही. पण पिछाडी हे कुठल्याच एका भागाचे माप नाही. ते फ्रेम, चिमटा आणि चाक यांनी मिळून तयार होते, त्यामुळे कोणताही भाग "मी बसत नाही" असे म्हणत नाही.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. सायकल उभी राहते ती पिछाडीमुळे, असे वाचून कोणी शिक्षक वर्गात सांगतील तर ते पूर्ण खरे होणार नाही. तसेच, फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती उभी राहते, हे पुष्कळ पुस्तकांतले उत्तरही अपुरे आहे. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने घरीच सायकली मोडून-जोडून याचा छडा लावायचा प्रयत्न केला आणि १९७० साली 'फिजिक्स टुडे' मासिकात त्याची हकिगत लिहिली. चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायची, हा त्याचा उद्देश होता. पहिल्या सायकलीत त्याने पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून भोवऱ्याचा परिणाम रद्द केला. तरी ती सहज चालवता आली, हात सोडून चालवणे मात्र कठीण गेले. मग त्याने चिमटा उलटा बसवला. बाक मागे गेल्याने पिछाडी खूप वाढली आणि ढकलून सोडलेली ती रिकामी सायकल आश्चर्य वाटावे इतका वेळ स्वतःच तोल सांभाळत गेली. शेवटी चिमट्याला जोड देऊन त्याने चाक चार इंच पुढे नेले, म्हणजे पिछाडीची आघाडी झाली. ही सायकल चालवणे त्याला फार अवघड गेले. माझी निळी सायकल त्याच वाटेवर निघाली होती म्हणायची!

प्रश्न तिथेही मिटला नाही. २०११ साली डेल्फ्ट, कॉर्नेल वगैरे विद्यापीठांतल्या पाच संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एका चमत्कारिक दोनचाकी सांगाड्याचे वर्णन केले. त्यात भोवऱ्याचा परिणाम उलट फिरणाऱ्या चाकांनी रद्द केलेला होता आणि पिछाडी किंचित उणे होती. तरीही ढकलल्यावर तो आपला तोल आपण सांभाळत गेला. कारण त्याच्या पुढच्या भागाचे वजन असे मांडलेले होते की सांगाडा कलला की पुढचा भाग त्या बाजूला वळावा. तेव्हा कललेल्या बाजूला वळणे ही गोष्ट महत्त्वाची. ती साधायचे मार्ग अनेक आहेत, पिछाडी हा त्यांतला एक. अमुक इतकी पिछाडी म्हणजे बरोबर, असा नियम नाही. पुढे जड सामान न्यायच्या काही सायकली मुद्दाम कमी पिछाडीच्या केलेल्या असतात. पण जी मुलगी साध्या सायकलीवर शिकली आहे आणि एका हाताने ओढणी सावरणार आहे, तिच्यासाठी पावणेदोन सेंटिमीटर फार थोडे.

मिस्त्रींनी सुचवले की चिमटा वाकवून बाक कमी करू. पोलादाचा चिमटा थोडा वाकवता येतो आणि पूर्वी दुकानांतून सर्रास वाकवत असत. पण चार सेंटिमीटर म्हणजे थोडा नव्हे. शिवाय वाकलेले सरळ केलेले पोलाद पुढे कुठे तडकेल, ते पाहण्यातच माझा दिवस जातो. यावर आमची बरीच वादावादी झाली आणि या वेळी त्यांनी माझे ऐकले. पुढच्या दोन रविवारी मी जुन्या बाजारात खिशात टेप घेऊन हिंडलो. दुकानदार मजेने बघत. तिसऱ्या खेपेला एक बिनस्प्रिंगचा चिमटा मिळाला, बाक ४.२ सें.मी., लांबी काळ्यापेक्षा २ सें.मी. जास्त. घरी यायच्या आधीच पावतीच्या मागे गणित करून पाहिले: तोंड वर उचलले जाणार, नळी ७२ अंशांवर येणार, पिछाडी ६.३ सें.मी. त्याला पुढचे चाकही ५५९ चेच लागले, म्हणजे आता दोन्ही चाकांना एकच ट्यूब चालते, हा फायदाच.

बसवल्यावर काठी आणि ओळंबा लावला. सहा सेंटिमीटर आणि थोडे वर. मिस्त्री मागे सरकून पाहत राहिले आणि काही बोलले नाहीत. मुलीने सोसायटीला दोन चकरा मारल्या, तिसऱ्या चकरीत हात सोडून आली, तेव्हा तिच्या आईने वरून ओरडून तिला खाली उतरवले.

काळा चिमटा माझ्याकडे आहे. कुठल्या शाळेने बोलावले तर तो, ओळंबा आणि काठी घेऊन जातो. मुलांना आधी आपापल्या सायकलींची पिछाडी मोजायला लावतो, मग काळा चिमटा दाखवून विचारतो की हा तुझ्या फ्रेममध्ये घातला तर किती होईल. मागच्या खेपेला सातवीतल्या एकाने, साइन-कोसाइन ठाऊक नसताना, जमिनीवर खडूने पूर्ण मापाची आकृती काढून उत्तर दिले आणि ते दोन मिलिमीटरने चुकले. निळी सायकल शाळेला जाते आहे. मागचा टायर मात्र तोच जुना आहे, या पावसाळ्याआधी बदलायला हवा.